गच्चीवर लेट नाईट शो कसा करायचा (आधी सोफा वर न्या)

कोजागिरी जवळ आली की मला मेसेज यायला लागतात, तुमच्या बिल्डिंगमधे तो टीव्हीवरच्यासारखा पाहुण्यांचा शो करता तो कसा करता, आम्हालापण करायचाय, सांगा की जरा. दरवेळी फोनवर तासभर बोलून घसा बसतो म्हणून एकदाच लिहून टाकतोय. आम्ही सोलापुरातल्या 'जुळे सोलापूर' भागात राहतो. तीन कोजागिऱ्या झाल्या, पहिली पूर्ण फसली, दुसरी निम्मी फसली, तिसरीला मात्र लोकं दूध विसरून बसून राहिली, त्यामुळं काय करायचं यापेक्षा काय करायचं नाही हे मला जास्त पाठ झालंय.

आधी मूळ शो काय होता ते थोडक्यात, कारण ते कळल्याशिवाय नुसतं टेबल मांडून काही होत नाही. अमेरिकेत एनबीसी चॅनेलवर 'टुनाईट शो' १९५४ साली सुरू झाला, पण ज्याची नक्कल सगळं जग करतं तो जॉनी कार्सनचा. १ ऑक्टोबर १९६२ ते २२ मे १९९२, जवळजवळ तीस वर्षं. पडदा उघडायचा, माणूस बाहेर यायचा, उभ्या उभ्या ताज्या बातम्यांवर दहा-बारा जोक मारायचा, मग टेबलामागं जाऊन बसायचा, शेजारच्या खुर्चीत पाहुणा, बाजूला एड मॅकमहॉन नावाचा साथीदार हसायला आणि सावरायला, आणि पलीकडं बँड. आपल्याकडं नव्वदच्या दशकात शेखर सुमननं हाच साचा हिंदीत आणला होता, ज्यांनी बघितलाय त्यांना लगेच कळेल. एवढंच सामान. टेबल, खुर्ची, सोफा, बँड, पडदा. सगळं आपल्या बिल्डिंगमधे आहे.

आता वेळ. लेट नाईट म्हणून आम्ही पहिल्या वर्षी रात्री साडेदहाला सुरू केला आणि मधेच माईक बंद करावा लागला. रात्री दहानंतर उघड्यावर स्पीकर लावायला बंदी असते हे सगळ्यांना माहिती असतं पण आपल्याला कोण काय म्हणतंय असं वाटतं, म्हणतात बरं का. आणि गंमत म्हणजे कार्सनचा शो तरी कुठं रात्री व्हायचा? दिसायचा रात्री साडेअकराला, पण कॅलिफोर्नियात गेल्यावर त्याचं शूटिंग संध्याकाळी साडेपाचला, समोर खरे प्रेक्षक बसवून, न थांबता एका दमात व्हायचं. म्हणजे रात्र ही लायटिंगमधे असते, घड्याळात नाही. तुम्ही पत्रिकेवर साडेसात टाका, म्हणजे लोकं सव्वाआठला येतील, साडेआठला सुरू करा, पावणेदहाला संपवा. कार्सनचा शोसुद्धा आधी दीड तासाचा होता, १९८० मधे त्यानं एक तासावर आणला. एक तास पुष्कळ झाला, आपल्याकडं शेवटी लहान पोरं झोपतात आणि त्यांना उचलून न्यायला अर्ध्या बायका उठतात.

यानंतरची गोष्ट सगळ्यात अवघड आहे आणि ती शो करणाऱ्याला नाही, कमिटीला पटवायचीय. सत्कार नाही. दीपप्रज्वलन नाही, प्रास्ताविक नाही, मान्यवरांचा परिचय नाही, आभारप्रदर्शन नाही. आमच्या पहिल्या वर्षी पाहुण्यांना शाल, श्रीफळ, टॉवेल, टोपी, गुच्छ असं सगळं झालं, मग एका पुढाऱ्यानं 'दोन शब्द' बोलले ते बावीस मिनिटं चालले, मी मोजली, आणि मग पाहुणा बोलायला बसला तेव्हा तो माणूस राहिलाच नव्हता, सत्कारमूर्ती झाला होता. मांडीवर नारळ घेऊन ताठ बसलेला माणूस कधी मजेशीर किस्सा सांगतो का? 'समाजानं मला खूप दिलं' असंच बोलणार की. टॉवेल द्यायचाच असेल तर नंतर खाली जिन्यात द्या. सोलापुरात टॉवेल दिल्याशिवाय कुणाला चैन पडत नाही हे मलाही मान्य आहे.

मांडणी सांगतो. प्रेक्षकांच्या उजव्या हाताला होस्टचं टेबल, त्याच्या शेजारी पाहुण्याची खुर्ची, आणि खुर्चीच्या पलीकडं डावीकडं तीन सीटचा सोफा. सोफा कशाला, तीन खुर्च्या टाकू, असं कुणीतरी म्हणणारच. ऐकू नका. पहिला पाहुणा बोलून झाला की त्यानं उठून जायचं नसतं, तो खुर्चीवरून सोफ्यावर सरकतो आणि दुसरा पाहुणा खुर्चीत येतो, मग तिसरा आला की दुसरापण सरकतो. शेवटी सगळे एका रांगेत एकमेकांना खेटून बसलेले असतात आणि मधेमधे तोंड घालतात. खरा शो तिथं असतो. कसं ते पुढं सांगतो. फक्त सोफा दुपारी चारच्या आत वर न्या, आमचा तिसऱ्या मजल्याच्या वळणावर अडकला होता आणि खालच्या मजल्यावरचे सगळे वर येऊ शकत नव्हते.

पडदा म्हणून आम्ही सोलापुरी चादरी लावतो. कार्सनच्या मागं तो रंगीत पट्ट्यापट्ट्यांचा पडदा असायचा, आपल्या डबलबेडच्या चादरी त्याच्यापेक्षा भारी दिसतात, मोर असलेली मधोमध घ्या. पण चादर वजनदार असते, साध्या नायलॉनच्या दोरीवर चार चादरी टाकल्या की दोरी मधे झोळीसारखी खाली येते आणि होस्ट पडद्यातून आला की त्याच्या डोक्यावरच मोर बसतो. जाड दोरी, मधे एक बांबू, आणि खालचा काठ दुमडून त्यात दोन-दोन विटा ठेवा, गच्चीवर वारं असतं.

होस्ट कोण? प्रत्येक बिल्डिंगमधे एक माणूस असतो जो लग्नात, बारशात, दहाव्याला सगळीकडं माईक हातात घेतो. तो नको. त्याला नाराज करायचं नसेल तर साथीदार करा, पडद्यामागून आरोळी मारून होस्टचं नाव लांबवत पुकारायचं काम त्याचंच असतं आणि ते त्याला खूप आवडतं. होस्ट असा घ्या जो समोरचा बोलताना त्याच्या तोंडाकडं बघतो. आमच्याकडं एक मेडिकल दुकानवाली ताई आहे, दिवसभर लोकांची दुखणी ऐकून घेते, कुणाला तोडत नाही, तिला बसवलं आणि निम्मं काम झालं. बँडला मोठा ऑर्केस्ट्रा लागत नाही. एक कीबोर्डवाला आणि एक ढोलकीवाला पोरगा, बास. पाहुणा पडद्यातून खुर्चीपर्यंत येईस्तोवर वाजवायचं आणि जोकनंतर एक थाप मारायची. जास्त वाजवायला लागला तर ढोलकी काढून घ्यायची.

सुरुवातीचे जोक. पाच मिनिटं, दहा जोक लिहा, त्यातले सहा चालतील. सगळे इथलेच पाहिजेत, व्हॉट्सअॅपवरून आलेले अजिबात नकोत कारण ते सगळ्यांनी एकमेकांना पाठवलेले असतात. कुणाची जात, जाडी, लग्न जमत नसलेली पोरगी, हे तर नाहीच. पाणी, ऊन, खड्डे यावर सोलापुरात आयुष्यभर पुरेल एवढा माल आहे. आमच्या ताईचा एक: 'सोलापुरात पाहुणा जरा पाणी देता का म्हणला की घरातले आधी कॅलेंडर बघतात.' आणि जोक पडला तर घाबरायचं नाही. कार्सनचे पण पडायचे, तो तर त्यावरच जगला, लागोपाठ जोक पडायला लागले की बँड एक जुनी चाल धरायचा आणि हा गडी तिथंच पाय घासत नाचायला लागायचा, लोकं त्यालाच जास्त हसायची. आम्ही ठरवून ठेवलंय, जोक पडला की ढोलकी लेझमीचा ठेका धरते आणि ताई दोन पावलं लेझीम खेळते. गेल्या वर्षी लोकं मुद्दाम हसत नव्हती, लेझीम बघायला.

मधे एक छोटा खेळ ठेवा. कार्सन डोक्याला मोठा फेटा गुंडाळून कार्नॅक नावाचा ज्योतिषी व्हायचा, मॅकमहॉन त्याला बंद पाकिटं द्यायचा, हा पाकीट कपाळाला लावून आधी उत्तर सांगायचा आणि मग पाकीट फोडून आतला प्रश्न वाचायचा. हे मराठीत मस्त जमतं. आमच्या साथीदाराच्या डोक्याला टर्किश टॉवेल गुंडाळतो. पाकीट कपाळाला. उत्तर: चार तास, चार दिवस आणि चार वर्षं. प्रश्न: लाईट, पाणी आणि रस्त्याचं काम कधी होणार? दुसरं पाकीट. उत्तर: गड्डा. प्रश्न: सोलापुरात जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेला काय भरतो आणि बाकीचे अकरा महिने रस्त्यात काय असतो? पाच पाकिटं पुरे, सहाव्याला कंटाळा येतो, करून बघितलंय.

आता पाहुणे. मीटिंगमधे पहिलं वाक्य हेच असतं, नागराज मंजुळेला बोलवू, आपल्या जिल्ह्यातलाच आहे की. मग कुणीतरी म्हणतं अतुल कुलकर्णी सोलापुरातच वाढलेत, माझ्या चुलत्याच्या वर्गातले कुणीतरी त्यांना ओळखतं. असं करत दोन आठवडे जातात. आम्ही दुसऱ्या वर्षी एका सिरियलमधल्या बाईंना बोलावलं, नाव नाही सांगत, येते येते करत साडेनऊला फोन बंद, आणि दोन तास लोकं रिकाम्या खुर्चीकडं बघत बसली. तेव्हापासून ठरवलं, सेलिब्रिटी म्हणजे ज्याला आपल्या भागात दहा जण लांबून हाक मारतात तो. आणि हे मी मनाचं समाधान म्हणून सांगत नाही. कार्सनकडं मोठमोठे नट आले, कार्ल सेगनसारखा शास्त्रज्ञ कितीतरी वेळा येऊन तारे-ग्रह सांगून गेला, पण लोकं आजही काढून काढून कोणता भाग बघतात, तर १९८७ मधला एका बाईचा. इंडियाना राज्यातल्या फोर्ट वेन गावची बाई, चिप्सच्या फॅक्टरीत माल तपासायची, आणि पट्ट्यावरून जाणाऱ्या चिप्समधून प्राण्यांसारखे, माणसांच्या तोंडासारखे दिसणारे तुकडे बाजूला काढून जपून ठेवायची. तो सगळा संग्रह तिनं टेबलावर मांडला होता. मॅकमहॉननं तिला एक मिनिट बोलण्यात गुंतवलं, तिनं मान वळवली आणि मागून कर्रम! बाईच्या छातीत धस्स. तिला वाटलं यानं आपला जपलेला चिप खाल्ला. मग कार्सननं टेबलामागनं दुसऱ्या चिप्सचं भांडं काढून दाखवलं.

आमच्या तिसऱ्या वर्षीचे तीन पाहुणे असे. एक रिटायर्ड एसटी कंडक्टर काका, एक कडक भाकरी करून विकणाऱ्या मावशी, आणि सोलापूरच्या पूर्व भागातले एक आजोबा ज्यांचं सगळं आयुष्य यंत्रमागावर गेलं. तीनच. चौथा घेतला की प्रत्येकाची घाई होते. क्रम असा लावा की सगळ्यात ओळखीचा माणूस पहिला, त्याच्यामुळं लोकं जाग्यावर बसतात, आणि ज्याच्याकडं सावकाश ऐकायची गोष्ट आहे तो शेवटी.

शोच्या दोन-तीन दिवस आधी पाहुण्याच्या घरी जाऊन चहा प्यायचा. हे सगळ्यात महत्त्वाचं काम आणि नेमकं हेच कुणी करत नाही. त्या कार्सनच्या शोमधेपण होस्ट पाहुण्याला सहसा आधी भेटायचा नाही, त्याची माणसं आधी बोलून घ्यायची, कुठले किस्से आहेत, कुठून सुरू केला तर चांगला रंगतो, ते लिहून होस्टला द्यायची. तुम्हीपण होस्टला नेऊ नका, दुसरं कुणीतरी जा, म्हणजे होस्ट गच्चीवर पहिल्यांदा ऐकताना खरंच हसेल. 'तुमचा जीवनप्रवास सांगा' म्हणू नका, माणूस जन्मतारखेपासून सुरू करतो. असं विचारा: नोकरीत सगळ्यात जास्त फजिती कधी झाली? कुणावर चिडला होता? अजून आठवून हसू येतं असं काय? अर्ध्या तासात चार-पाच गोष्टी निघतात, त्यातल्या तीन घ्या, प्रत्येकीला एक कार्ड, कार्डावर फक्त प्रश्न.

प्रश्न कसा लिहायचा याच्यावर सगळं आहे. कंडक्टर काकांनी चहाला सांगितलं, सोलापूर–अक्कलकोट गाडी, वळसंगला थांबली, काका खाली उतरून चहा घेत होते, तेवढ्यात आतल्या एका पोरानं गंमत म्हणून दोरी ओढून डबल बेल दिली. सिंगल म्हणजे थांब, डबल म्हणजे चल. ड्रायव्हरनं गिअर टाकला आणि गाडी काकांना सोडून गेली. काका तिकिटांचा ट्रे काखेत मारून एका दूधवाल्याच्या मोटरसायकलवर मागं कॅनला धरून अक्कलकोटपर्यंत. आता मी पहिल्यांदा कार्डावर लिहिलं होतं, 'काका, वळसंगला पोरानं बेल दिली आणि गाडी तुम्हाला सोडून गेली ना?' बायको म्हणली, अहो याच्यावर काका काय बोलणार, 'हो' म्हणणार आणि गप बसणार. बरोबर होतं तिचं. कार्ड फाडलं, नवीन लिहिलं: 'काका, तुमची गाडी कधी चुकलीय का?' ताईनं एवढंच विचारलं. काका आधी दोन सेकंद गप, मग हळूच, 'दुसऱ्याची नाही चुकली कधी. माझीच चुकली.' गच्ची तिथंच हसायला लागली, अजून किस्सा सुरू पण झाला नव्हता. शेवटी म्हणाले, अक्कलकोटला गाडीत चढलो आणि विचारलं वळसंगला चढलेलं कोण कोण आहे, एक जण बोलेना, सगळे आळंदीला निघाल्यासारखे डोळे मिटून बसलेले.

हाताला काहीतरी काम द्या, हे दुसऱ्या पाहुण्याकडून शिकलो. मावशी माईक बघून नुसत्या हो-नाही करत होत्या, पण टेबलावर परात ठेवली आणि ज्वारीचं पीठ दिल्यावर हात चालायला लागले आणि हाताबरोबर तोंड, भाकरी पातळ कशी थापायची, मंद आचेवर किती वेळ ठेवायची, पावसाळ्यात मऊ पडू नये म्हणून काय करायचं. तव्याचं नाटक गच्चीवर करू नका, तयार भाकऱ्या आणायला सांगा. आम्ही तो चिप्सवाला डाव ढापायचा ठरवला होता. साथीदारानं मावशींना विचारलं, मावशी त्या चादरीवर मोर आहे का लांडोर? मावशी मागं वळल्या, ताईनं माईकजवळ भाकरी मोडली, कर्रर्र, पार शेवटच्या रांगेपर्यंत. आम्ही वाट बघतोय मावशी दचकतील. मावशींनी मान पण नाही वळवली. 'दहा रुपये झाले.' आणि सोफ्यावरनं कंडक्टर काका, 'सुट्टे द्या हं.'

लोकं वेडी झाली हसून. तर सोफा याच्यासाठी. काकांना शाल देऊन खाली पाठवलं असतं तर हे झालंच नसतं.

साऊंडबद्दल चार ओळी. कॉर्डलेस दोन आणि वायरवाला एक स्टँडवर, स्टँडवाला पाहुण्याच्या खुर्चीसमोर, कारण ज्यांना सवय नाही ती माणसं हातातला माईक पोटाशी धरतात. स्पीकर माईकच्या पुढं प्रेक्षकांकडं, मागं ठेवले की शिट्टी वाजते. माईक भाड्यानं आणताना 'सेल नवीन टाकलेत' असं सांगतात, विश्वास ठेवू नका, स्वतःचे सेल साथीदाराच्या खिशात असू द्या. आमच्याकडं स्टँडवाल्याची वायर कुणाच्या तरी पायात येऊन निघाली आणि ताईचा कॉर्डलेस त्याच वेळी मेला, नेमके मागवाले आजोबा बोलत असताना. आजोबा थांबलेच नाहीत. ते सांगतच होते की यंत्रमागाच्या खडखडाटात चाळीस वर्षं गेली, सुताची कांडी घेऊन धोटा इकडून तिकडं पळत असतो, शेजारी उभ्या माणसाचं ऐकू येत नाही, त्यामुळं सगळे ओठ बघून बोलायचे, अजून घरात बायको तोंड फिरवून बोलली की मला कळत नाही. आवाज गेल्यावर त्यांनी हातानंच सुरू केलं, सूत तुटलं, कांडी संपली, मुकादम आला, प्रत्येकाची खूण, आणि सगळी गच्ची खुणा करायला लागली. मग तिसऱ्या रांगेकडं बोट करून म्हणाले, 'त्या गुलाबी साडीवाल्या बाई म्हणाल्या, दूध कधी देणारेत.' त्या बाईंनी पदरानं तोंड झाकलं. तोपर्यंत सेल बदलून झाले होते पण ताईनं माईक चालू केला नाही, चांगली आहे ती.

मधे दोनदा मिनिटभराची जाहिरात घ्या. टीव्हीवर जाहिरातीत होस्ट पाहुण्याशी हळू आवाजात बोलून घेतो, पाणी पितो, पुढचं कार्ड बघतो, आपल्यालापण ती उसंत लागते. पोरांना कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाची खोटी जाहिरात बसवायला सांगा, त्यांना आठवडाभर काम मिळतं आणि त्यांचे आईबाप हमखास येतात.

दूध शेवटीच. जायफळ घातलेलं दूध आधी दिलं की दुसऱ्या पाहुण्याला अर्धी गच्ची डुलायला लागते, शिवाय ग्लासं ठेवायला लोकं उठतात. पण शेवटचा पाहुणा झाला, ढोलकी वाजली, ताईनं शुभ रात्री म्हणलं की लगेच दूध काढू नका. आधी माईकवरून सांगा, सोफा खाली गेल्याशिवाय पातेल्याचं झाकण उघडणार नाही. दोन मिनिटांत आठ जण येतात. दूध पिऊन झाल्यावर सोलापुरात सोफा उचलायला माणूस सापडत नाही, आमचा पहिल्या वर्षीचा दिवाळीपर्यंत वरच होता.